टाइम आउट, सरपंच आणि आमचं भांडगाव

फुटबॉलमध्ये संघाला टाइम आउट मागताच येत नाही. अमेरिकेतल्या त्या शिरस्त्राणवाल्या फुटबॉलमध्ये मात्र अर्ध्या खेळात तीन-तीन मिळतात. मग आपल्या कबड्डीत हे आलं कुठून? भाच्याने फोनवर विचारलं, आणि उत्तर लांबलं म्हणून इथेच लिहून टाकतो.

भांडगाव म्हणजे दौंड तालुक्यातलं, पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवतच्या पुढचं. गावाच्या नावावरून विनोद करायचे असतील तर आत्ताच करून घ्या, कारण पुढे भांडणाचाच विषय आहे :-)

हुतूतूत वेळ मोजायचा तो गड्याच्या दमावर. दम आहे तोवर चढाई. खेळ थांबवायची सोय नव्हती असं मात्र नाही. चड्डीची नाडी सुटायची. पायात काटा जायचा, तोही नेमका आपले चार गडी बाद झालेले असताना! फक्कीची रेघ पुसली म्हणून कुणीतरी ओरडायचं, आणि ती पुन्हा आखेपर्यंत दमलेल्यांना पाणी मिळायचं. पंचाला हे सगळं कळत असायचं. पण तो गावातलाच माणूस, बहुधा शाळेतले गुरुजी नाहीतर एखादा जुना खेळाडू. खोटं बोलतोस असं सगळ्यांसमोर म्हणायचं, आणि संध्याकाळी त्याच घरावरून जायचं!

नियम छापून हाती आल्यावर यात फरक पडला. १९२३ मध्ये बडोद्याला छापील नियमांवर सामने झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डी दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्यांनी खेळ देशभर नेला आणि १९९० मध्ये तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला. इतक्या प्रांतांचे गडी एकत्र खेळायचे म्हटल्यावर ‘आमच्याकडे असं चालतं’ हे चालेना.

आज महासंघाच्या नियमांत प्रत्येक संघाला दर अर्ध्या खेळात ३० सेकंदांचे दोन टाइम आउट आहेत. मागायचा कर्णधाराने, प्रशिक्षकाने किंवा खेळणाऱ्या गड्याने, आणि तोही सरपंचाच्या परवानगीने. (कबड्डीत मुख्य पंचाला मराठीत सरपंच म्हणतात. ग्रामपंचायतीशी संबंध नाही.) घड्याळ थांबतं, पण संघाने मैदान सोडायचं नाही. कुणाला खरंच लागलं, बाहेरचं कुणी आत घुसलं किंवा रेघा पुन्हा आखायच्या असतील, तर सरपंच स्वतः खेळ थांबवतो. म्हणजे बघा, काटा आणि फक्की दोन्ही पुस्तकात आली! नाडीचं तेवढं राहिलं. मला तर वाटतं, हा नियम करणाऱ्याने गावचे सामने भरपूर बघितले असणार. विश्रांती उघड मागता येते म्हटल्यावर लंगडायचं कशाला?

कडेला उभं राहून ओरडणाऱ्यांचं काय? त्यासाठीचा नियम मला फार आवडतो. चढाईला गेलेल्या गड्याला त्याच्याच बाजूच्या कुणी सावध केलं किंवा सूचना दिली, तर समोरच्यांना एक गुण. ‘मागं बघ, मागं!’ हे तीन शब्द गुण घालवू शकतात. त्या अंगणात माणूस एकटाच असला पाहिजे, हे खेळाचं मूळ आहे. हल्ली टीव्हीवर टाइम आउटमध्ये प्रशिक्षकापुढे माईक धरतात आणि त्याचं बोलणं घराघरांत ऐकू येतं. मजा येते, पण चढाई सुरू झाली की त्यालाही गप्प बसावं लागतं.

शिस्तीसाठी आता कार्डं आहेत. फुटबॉलमध्ये ती केन ॲस्टन या इंग्लिश पंचाला सिग्नलचे दिवे बघून सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पहिल्यांदा वापरली गेली. आपल्याकडे रंग हॉकीसारखे तीन: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. पंचाला तोंडाने काही बोलावं लागत नाही, कार्ड दाखवलं की झालं. गुरुजींना हे मिळायला हवं होतं.

अर्थात, कार्डं असली तरी सगळं सुरळीत होतंच असं नाही. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८-२८ अशी बरोबरी, शेवटचं मिनिट जवळ आलेलं. पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे गडीही. गुण कुणाला, यावर पंचांचा निर्णय फिरत राहिला. खेळाडू मैदानातच बसले आणि सामना तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. पदक आपलं, म्हणून आनंद झालाच. पण ३० सेकंदांचा हिशोब ठेवणाऱ्या खेळात तासभर सात-सात गडी मांडी घालून बसलेले बघताना मला आमचं मैदान आठवत होतं. तिथे एवढा वेळ लागला नसता. अंधार पडायच्या आत सामना संपवावाच लागायचा, आमच्याकडे दिवे नव्हते.