फ्रान्स हाल्सचें एक बालचित्र

जुनें चित्र हेंहि कागदपत्रांप्रमाणें इतिहासाचें साधनच होय. परंतु त्याची मालकीपरंपरा तुटली कीं तें मुकें होतें. फ्रान्स हाल्स या वलंदेज चित्रकारानें सुमारें १६१९-२० मध्यें रंगविलेलें कातारिना होफ्ट व तिची दाई यांचें तैलचित्र या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. कापडावरील हें चित्र ८६ सेंटिमीटर उंच व ६५ सेंटिमीटर रुंद असून बर्लिनच्या सरकारी चित्रसंग्रहांत आहे.

कातारिनाचा जन्म डिसेंबर १६१८ मधील. म्हणजे चित्रांत ती दीड वर्षाच्या आगेंमागें असावी. परंतु पोषाख प्रौढ स्त्रीचा आहे: वेलबुट्टीचा भरजरी झगा, नाजुक जाळीची रुंद गळपट्टी, हातांत घुंगरांचा सोनेरी खुळखुळा. दाई साध्या काळ्या वस्त्रांत असून एक फळ पुढें करीत आहे. मुलीचा एक हात दाईच्या छातीवर टेकलेला आहे, आणि दोघींची दृष्टि पाहणाराकडे वळली आहे.

होफ्ट हें तलवारबहाद्दर सरदारांचें घराणें नव्हे. ज्या शतकांत वलंदेजांची वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती, त्या शतकांत आम्सटरडॅमचा कारभार मूठभर धनाढ्य कुळांच्या हातीं होता. त्यांपैकीं हें एक. १६३५ मध्यें कातारिनाचा विवाह कॉर्नेलिस द ग्राफ याच्याशीं झाला. तो पुढें त्या शहराचा नगराध्यक्ष झाला. १६३६ मध्यें पिकेनॉय या चित्रकारानें काढलेलें तिचें तरुणपणचें चित्रहि बर्लिनमध्येंच आहे. उत्तरवयांत ती पुरमरलंड व इल्पेंडाम या जहागिरीची स्वामिनी होती. १६९१ मध्यें ती वारली.

याच जहागिरीच्या इल्पेन्स्टाइन नांवाच्या गढींत तिच्या वंशजांकडे हें चित्र राहिलें. १८७२ मध्यें तेथील संग्रहाचा लिलाव झाला व गढीहि पाडण्यांत आली. १८७४ मध्यें सुएरमाँट यांच्या संग्रहाबरोबर चित्र बर्लिनला गेलें. गढी गेली, पण चित्र कोणत्या घरांतून निघालें ही माहिती टिकली; मुलीची ओळख पटविण्यास तोच मोठा आधार झाला.

दाईला मात्र असा आधार नाहीं. हाल्सनें तिचा चेहरा मुलीच्या चेहऱ्याइतक्याच आस्थेनें रंगविला. तरी तिच्या पाठीशीं ना जहागीर, ना वंशावळ, म्हणून तिचें नांव लोपलें. चित्रकाराची दृष्टि समान असली तरी दप्तराची नसते, हें संशोधकानें विसरूं नये.

आपल्याकडेहि वाड्यांतील चित्रें व पोथ्या दप्तरापासून वेगळ्या काढून विकल्या जातात. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, वस्तु हातीं येतांच ती कोणत्या गांवच्या, कोणाच्या घरांतून व केव्हां आली, तें त्याच दिवशीं लिहून वस्तूबरोबर ठेवावें. आज ही एक ओळ लिहिण्यास श्रम नाहींत. शंभर वर्षांनीं ती कोणत्याहि विद्वत्तेनें भरून निघत नाहीं.