चिलर, घरगुती (ग्राफिक्स कार्डांसाठी)

संगणकातील ग्राफिक्स कार्डाची उष्णता फिरत्या पाण्याने उचलून ते पाणी प्रशीतन यंत्राच्या साहाय्याने खोलीतील हवेपेक्षाही थंड ठेवणारी, घरी जुळवलेली यंत्रणा. पंखा आणि रेडिएटर कितीही मोठे घेतले तरी कार्ड खोलीच्या तापमानाखाली नेता येत नाही. चिलर ही मर्यादा ओलांडतो आणि त्याच्या बहुतेक अडचणीही तिथूनच सुरू होतात. जुन्या खिडकी-एसीचे गॅसचे मंडल, उष्णतारोधक पेटीतील द्रव, पंप आणि कार्डावर बसवलेला तांब्याचा वॉटर ब्लॉक हे त्याचे मुख्य भाग. थंड कॉइलच थेट चिपवर दाबून बसवण्याची पद्धत वेगळी असून तिचा विचार येथे केलेला नाही.

पार्श्वभूमी : कार्डाला दिलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स ४८० (२०१०) या कार्डाची घोषित वीजमर्यादा २५० वॅट होती. आरटीएक्स ३०९० (२०२०) साठी ती ३५०, ४०९० (२०२२) साठी ४५० आणि ५०९० (२०२५) साठी ५७५ वॅट झाली. चिपचे क्षेत्रफळ मात्र काही चौरस सेंटिमीटरच राहिले. एवढ्याशा जागेतून उष्णता काढायची तर द्रव हवा, हे स्टॅनफर्डमधील टकरमन आणि पीस यांनी १९८१ मध्येच दाखवले होते; सिलिकॉनमध्ये कोरलेल्या सूक्ष्म खाचांतून पाणी खेळवून त्यांनी दर चौ. सेंमी.ला सुमारे ७९० वॅट उष्णता वाहून नेली. आजच्या वॉटर ब्लॉकमधील बारीक खाचा त्याच कल्पनेच्या. प्रशीतन यंत्र जोडलेले वैयक्तिक संगणक अमेरिकेतील क्रायोटेक आणि डेन्मार्कमधील असेटेक या कंपन्यांनी २००० सालाच्या आसपास बाजारात आणले. ते मुख्यतः प्रोसेसरसाठी होते.

चिलरला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती तैपेई येथील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात, जून २०१८ मध्ये. इंटेलने व्यासपीठावर २८ गाभ्यांचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला. टेबलाखाली हायलिया या चिनी बनावटीचा, माशांच्या टाक्यांसाठी विकला जाणारा चिलर होता, हे नंतर उघड झाले. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगावर चालवला होता हे सांगायचे राहून गेले, असा खुलासा कंपनीने केला. हौशी मंडळींना यात नवल वाटले नाही. माशांच्या टाकीचा चिलर त्यांच्याकडे आधीपासून होता.

क्षमतेचा हिशेब : एसीचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता काढण्याची क्षमता. त्यामुळे पाऊण टनाचा एसी ५७५ वॅटच्या कार्डाला चौपट पुरेल असे कागदावर दिसते. पण हा आकडा कॉइल सुमारे ७° से.वर असतानाचा आहे. तीच कॉइल उणे १०° से.ला चालवली की कॉम्प्रेसरकडे परतणारी वाफ विरळ होते आणि क्षमता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. परत येणारा थोडासा गॅस कॉम्प्रेसरची मोटर नीट थंड करू शकत नाही, ही त्यातली दुसरी बाजू. म्हणून एसीचा कॉम्प्रेसर शून्याखाली सतत राबवणे हे त्याचे आयुष्य कमी करणे होय.

घरगुती फ्रिजचा प्रयोग वारंवार होतो आणि दर वेळी फसतो. फ्रिज आधीच थंड झालेली वस्तू थंड ठेवण्यासाठी बांधलेला असतो. त्याचा कॉम्प्रेसर शे-दोनशे वॅट उष्णता काढू शकतो. ४५० वॅटचे कार्ड त्याला अखंड पळवत ठेवते आणि तरीही पाणी तापतच जाते. बर्फाचेही तसेच : एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता घेतो, म्हणजे ४५० वॅटच्या कार्डाला जेमतेम बारा मिनिटे पुरतो.

पेटीत २० लिटर पाणी असेल आणि कॉम्प्रेसर बंद असेल, तर याच कार्डामुळे पाणी मिनिटाला सुमारे ०.३° से.ने चढते. पेटी मोठी ठेवण्याचे कारण हेच. लहान पेटीत कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. बंद झाल्यावर दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला त्याला किमान तीन मिनिटे लागतात, त्याआधी चालू केला तर तो अडकतो आणि ओव्हरलोडवर ट्रिप होतो.

बांधणी : खिडकी-एसीची पेटी काढून त्याची थंड कॉइल तांब्याच्या नळ्यांसकट अलगद वाकवतात आणि पफ किंवा जाड थर्मोकोलच्या पेटीत उतरवतात. नळी चेपली वा तडकली की सारा गॅस जातो. मग ब्रेझिंग, व्हॅक्यूम आणि पुन्हा गॅस भरणे आले, जे काम कारागिराचे आहे. एसीचा स्वतःचा थर्मोस्टॅट हवेचे तापमान पाहतो, म्हणून तो वगळून पाण्यात संवेदक असलेला वेगळा नियंत्रक बसवावा लागतो. कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या गरम कॉइलचा) पंखा चालू राहिलाच पाहिजे.

साधे पाणी वापरल्यास कॉइलभोवती बर्फाचा थर चढतो. बर्फ उष्णतारोधक असल्याने गॅसला उष्णता मिळेनाशी होते, त्याची पूर्ण वाफ होत नाही आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याचे व्हॉल्व्ह तोडतो. यावर पाण्यात ग्लायकोल मिसळतात. ३० टक्के प्रॉपिलीन ग्लायकोलचे मिश्रण सुमारे उणे १३° से.पर्यंत गोठत नाही. मात्र ते थंडीत दाट होते. गाड्यांच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकोल विषारी असते. घरात लहान मुले वा जनावरे असतील तर ते टाळावे.

एसीच्या कॉइलवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि वॉटर ब्लॉक तांब्याचा. एकाच द्रवात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची भुकटी ब्लॉकच्या खाचांत जाऊन बसते. गंजरोधक नसलेल्या मिश्रणात हे हमखास होते. डेझर्ट कूलरचा पंप स्वस्त पडतो, पण त्याचा जोर ब्लॉकच्या बारीक खाचांना पुरत नाही.

दव : या यंत्रणेत प्रत्यक्ष गाठता येणारे तापमान कॉम्प्रेसरपेक्षा खोलीतील हवाच ठरवते. कोणताही पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली गेला की त्यावर पाणी धरते. मुंबईच्या पावसाळ्यात ३०° से. आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६° से.च्या आसपास असतो. म्हणजे वेष्टण न केलेल्या चिलरचा फायदा तिथे चार अंशांत संपतो. विदर्भातील मे महिन्यात ४०° से. आणि १५ टक्के आर्द्रतेला तो साडेआठ अंशांवर येतो. एसी चालू असलेल्या खोलीत (२४° से., ५० टक्के) तो १३° से. असतो. घाम फुटतो म्हणून चिलर ‘खराब’ ठरवणारे लोक बहुधा किनारपट्टीवरचे असतात. यंत्रात दोष नसतो.

कार्डावर काम चालू असताना धोका कमी आणि ते रिकामे असताना जास्त, ही गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. भार असताना चिप पाण्यापेक्षा बरीच गरम राहते आणि भोवतालचा फलकही उबदार असतो. खेळ थांबला, पंप मात्र चालू राहिला, की सगळा फलक पाण्याच्या तापमानाला उतरतो आणि चिपच्या मागच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, दव जमते. तिथून ते ओघळून मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये उतरते. म्हणून पाण्याचे तापमान एका ठरावीक आकड्यावर बांधू नये; आर्द्रता मोजून ते दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवणारा नियंत्रक वापरावा. दवबिंदूवर लक्ष ठेवून थंडावा आवरण्याचे हेच तत्त्व इंटेलच्या २०२० मधील क्रायो कूलिंग या पेल्तिए पद्धतीच्या (विजेच्या प्रवाहाने एक बाजू थंड होणारी पट्टी वापरणाऱ्या) प्रोसेसर-शीतनातही होते.

दवबिंदूखाली जायचेच असेल तर बंद छिद्रांच्या रबरी फोमने (एसीच्या नळ्यांवर असतो तो) नळ्या, ब्लॉक आणि फलकाची मागची बाजू हवाबंद करावी लागते. फलकावर वाहक नसलेले ग्रीस, व्हॅसलीन किंवा संरक्षक लेप देतात. सापटीत राहिलेली थोडी हवासुद्धा बाष्प आत ओढत राहते. उघड्या छिद्रांचा स्पंज वापरणे न वापरण्याहून वाईट, कारण तो पाणी धरून ठेवतो. असे लेपलेले कार्ड हमीत बसते की नाही याबाबत उत्पादकांची धोरणे सारखी नाहीत.

गॅस : जुन्या खिडकी-एसींत आर-२२ आढळतो. तो ओझोनला घातक असल्याने माँट्रियल करारानुसार भारतात २०३० पर्यंत त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबायचा आहे. नंतरच्या यंत्रांत आर-४१०ए आणि आर-३२ आले. आर-२२ च्या जागी प्रोपेन (आर-२९०) भरण्याकडे हौशी लोकांचा कल दिसतो, कारण दोघांचे दाब जवळपास सारखे असतात. प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी गोदरेजने भारतात २०१२ पासून विकले. पण ती यंत्रे मुळातच ज्वलनशील गॅस गृहीत धरून आखलेली होती. जुन्या एसीतील ठिणग्या टाकणारे रिले आणि स्विच तसे आखलेले नसतात. हवेत प्रोपेन सुमारे दोन टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. स्वयंपाकाचा गॅस हा प्रोपेन, ब्युटेन आणि वासासाठी घातलेल्या मर्कॅप्टनचे मिश्रण असतो. तो यात भरू नये, याबद्दल प्रशीतन क्षेत्रात दुमत नाही.

कार्यमान : चिप थंड असताना तिची गळती-वीज कमी होते व कार्ड आपला वेग थोडा वाढवते.

वीज आणि उष्णता : ४५० वॅट उष्णता काढायला कॉम्प्रेसर साधारण १५० ते २२५ वॅट जास्त वीज घेतो. कंडेन्सर खोलीतच असेल तर कार्डाची आणि कॉम्प्रेसरची मिळून सारी उष्णता खोलीतच राहते. तो खिडकीबाहेर काढला नाही तर चिलर खोली तापवण्याचेच काम करतो.

मोठ्या संगणकांतील प्रवाह : महासंगणकांत नेमकी उलट दिशा दिसते. आयबीएम आणि झुरिकच्या ईटीएच या संस्थेने २०१० मध्ये उभारलेल्या ॲक्वासार या संगणकात सुमारे ६०° से. गरम पाणी फिरवून चिपा सुरक्षित तापमानात ठेवल्या आणि ती उष्णता इमारती उबदार ठेवायला वापरली. पाणी दवबिंदूच्या कितीतरी वर असल्याने दवाचा प्रश्न उद्भवला नाही. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेणारी शीतनपद्धत आहे.