मानेचा मणका आणि पहिला घोट

बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदू-मणक्याची शस्त्रक्रिया करणारा विभाग आणि वाचा-श्रवण विभाग एकाच संस्थेत नांदतात. मणक्याच्या रुग्णाचा वाचातज्ज्ञाशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू व नसा बऱ्याच अंशी एकच असल्याने गिळण्याची तपासणी हे वाचातज्ज्ञाचेच काम. मानेवर पुढून शस्त्रक्रिया करताना नेमका हा घसाच वाटेत येतो.

ही पुढची वाट 1950 च्या दशकात अमेरिकेत रुळली. बाल्टिमोरच्या रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी ती 1955 मध्ये मांडली; होनोलुलूच्या क्लॉवर्ड यांनी 1958 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. मागून गेल्यास मज्जारज्जू आड येतो, पुढून चकतीपर्यंत थेट पोहोचता येते. मात्र श्वासनलिका व अन्ननलिका बाजूला ओढून रिट्रॅक्टरने तशाच धरून ठेवाव्या लागतात. हातातील कळ थांबलेल्या रुग्णाला घास अडकत असेल, तर ती तात्पुरती कुरबूर समजली जाई. 2002 मध्ये बझाझ व सहकाऱ्यांनी 249 रुग्णांना दूरध्वनी करून थेट विचारले, तेव्हा महिन्याभरानंतर निम्म्या रुग्णांना आणि वर्षानंतरही 12.5 टक्क्यांना त्रास असल्याचे आढळले. विचारले नसते, तर हे आकडे कागदावर आलेच नसते.

कारणांपैकी एक शुद्ध भौतिकशास्त्राचे आहे. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवती हवेचा छोटा फुगा असतो. त्यातील दाब साधारणपणे 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. तो फार वाढला, तर आतल्या अस्तराच्या केशवाहिन्या दबून रक्तपुरवठा खुंटतो. रिट्रॅक्टर बाहेरून रेटा देतो, आत फुगा जागचा हलत नाही, आणि मधल्या ऊती व स्वरयंत्राची नस चिमटीत सापडतात. अमेरिकेतील ॲपफेलबाम यांनी रिट्रॅक्टर बसवल्यावर फुग्यातील हवा सोडून तो पुन्हा बेताने भरण्याची साधी युक्ती वापरली. 900 रुग्णांच्या त्यांच्या अनुभवात स्वररज्जूच्या लकव्याचे प्रमाण 6.4 वरून 1.69 टक्क्यांवर आल्याचे त्यांनी 2000 मध्ये नोंदवले. खर्च शून्य! पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. धातूच्या पातळ, गुळगुळीत पट्ट्या आणि घशामागे सोडलेले स्टेरॉइड हे उपायही पुढे आले. स्टेरॉइडनंतर अन्ननलिकेला छिद्र पडल्याच्या तुरळक नोंदी असल्याने तेथे हात आखडता घेतला जातो.

कवटी आणि मान यांच्या सांध्याच्या विकारांत प्रश्न अधिक बिकट होता. तेथे तोंडातून, घशाची मागची भिंत चिरून आत शिरत. मग जखम भरेपर्यंत अन्न नाकातील नळीने. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अतुल गोयल व सहकाऱ्यांनी मागच्या बाजूने पट्टी व स्क्रूने हा सांधा स्थिर करण्याची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली. 2004 मध्ये त्यांनी सांधा विलग करून हाड खाली आणण्याचा मार्ग दाखवला, आणि अनेक रुग्णांत तोंडातून जाण्याची गरजच उरली नाही.

पुढून शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी मात्र पहिला घोट अजूनही परीक्षेचा असतो. रुग्णाला सरळ बसवून थोडेसे पाणी देतात, खोकला येतो का, आवाज ओला होतो का, हे पाहतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे ही वाचातज्ज्ञांची जुनी युक्ती. पण ज्याची मान कॉलरमध्ये जखडलेली आहे, त्याला नेमके तेच जमत नाही.