दप्तराला दिसणारी मालमत्ता

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील कापडे बुद्रुक हे गाव सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून या टापूतील इतर गावांप्रमाणेच येथील जमिनीचे दोन ठळक भाग पडतात : ओढ्याकाठची भातखाचरे, जी गुंठ्यांत मोजली जातात, आणि डोंगरउतारावरची वरकस, म्हणजे राब, गवत, नाचणी आणि वरी यांपुरतीच उपयोगाची हलकी जमीन, जी मोजायची एकरांत, पण पीक घेतल्यावर काही वर्षे पड टाकावी लागते. सरकारी मदतीस कोण पात्र आणि कोण अपात्र, याचा येथील इतिहास याच फरकापासून सुरू करावा लागतो. कारण गरिबाच्या मालमत्तेचा हिशेब सरकारने कागदावरच्या क्षेत्रावरून केला, त्या क्षेत्रातून किती पायली धान्य घरात येते यावरून क्वचितच केला.

हे क्षेत्र कागदावर आले कसे, हेही पाहिले पाहिजे. खोतीच्या काळात, म्हणजे सरकार आणि रयत यांच्यामध्ये सारा वसूल करून देणारा वतनदार खोत उभा होता तेव्हा, कसणाऱ्या कुळाच्या हाती पीक असे, पण हक्काचा कागद बहुधा नसे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहाचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ती पद्धत १९४९ च्या कायद्याने गेली, आणि १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. सातबाऱ्यावर, म्हणजे हक्क नोंदवणारा सातचा नमुना आणि पिके नोंदवणारा बाराचा नमुना एकत्र असलेल्या उताऱ्यावर, कुळाचे नाव चढले, आणि ते बहुतेक घरांत पुरुष कर्त्याचेच चढले. बायको राबाला आणि लावणीला बरोबरीने राबली तरी उताऱ्यावर ती दिसली, तर बहुधा विधवा झाल्यावर वारस म्हणून. कुळांचा तो विजय खरा होता, याबद्दल शंका नाही. मात्र त्याच कुळाच्या मुला-सुनेला पुढे म्हातारपणी ‘तुमच्या नावावर जमीन आहे’ असे ऐकावे लागावे, ही त्या विजयाची कोणी न कल्पिलेली बाजू होय.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आकाराला आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या या योजनेत मालमत्ता विचारली जात नसे. जो उन्हात खडी फोडायला येतो तो गरजूच असणार, असे गृहीत धरलेले होते. पण ही कसोटी अंगात बळ असणाऱ्यांची होती. ज्यांना घमेले उचलवत नव्हते त्यांच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, आणि ती आणणारे मुख्यमंत्री अ. र. अंतुले हे याच जिल्ह्यातल्या आंबेतचे; जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९८१ रोजी. ‘निराधार’ या शब्दाने मात्र एक नवी अडचण उभी केली : मजूर कामावर आला की त्याची गरज सिद्ध होत असे, आधार नसणे हे मात्र दाखल्याने सिद्ध करावे लागते, आणि तो दाखला तलाठी व तहसीलदार यांच्या दप्तरातून निघतो.

त्या दप्तराची नजर पुढील दोन दशकांत अधिक बारीक झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे ठरवण्यासाठी १९९७ साली झालेल्या पाहणीत दोन हेक्टरांहून अधिक जमीन, पक्के घर, दूरचित्रवाणी संच, छताचा पंखा किंवा मोटरसायकल यांपैकी काही घरात असले की कुटुंब यादीबाहेर जाई. १९९९ साली राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असावे आणि कुटुंबातील सर्वांच्या नावे मिळून दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायत यांहून अधिक जमीन नसावी, अशी अट घातली गेली. या अटीत ‘सर्वांच्या नावे मिळून’ हे शब्द कळीचे आहेत. १९९२ साली लक्ष्मीमुक्तीच्या नावाने बायकोचे नाव सहमालक म्हणून उताऱ्यावर लावण्याची सोय शासनाने केली होती, आणि स्त्रीच्या हक्काच्या दृष्टीने ती मोठीच होती. परंतु मदतीच्या हिशेबात नवऱ्याची आणि बायकोची जमीन एकाच टोपलीत पडत असल्याने नाव कोणाचे, याला अर्थ उरत नव्हता.

पोलादपूरच्या डोंगरात या अटीचे काय होते, ते एखादा उतारा समोर ठेवला म्हणजे कळते. खाते सामाईक असते, म्हणजे भाऊबंदांत वाटप झालेले नसते. चार भाऊ, त्यांतल्या दोघांच्या विधवा, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या तिसऱ्याची मुले अशी नावे एकाखाली एक लागलेली असतात, आणि वरकसाचे पाच-सात एकर त्या सर्वांपुढे मिळून लिहिलेले असतात. गावात राहणाऱ्या जोडप्याच्या वाट्याला त्यातले किती, हे उतारा सांगत नाही. ते अंदाजाने ठरते, आणि वरकसाचा एकर खाचराच्या एकराइतकाच धरला गेला तर कातळावरचे गवत दाम्पत्याला सधन ठरवते. याउलट बायकोचे डोरले, पेटीतले चांदीचे वाळे, मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरीतून शिल्लक पडलेले आणि पोस्टात ठेवलेले पैसे यांना १९९७ किंवा १९९९ च्या अटींत वेगळा रकानाच नव्हता.

ब्रिटनमध्ये हे नेमके उलट आहे : तेथे बँकेतली शिल्लक ही एक मुख्य कसोटी असून कामकरी वयाच्या दाम्पत्याला मिळणारे प्रमुख साहाय्य १६,००० पौंडांच्या बचतीला थांबते, आणि ती मर्यादा एकट्यालाही तेवढीच व दोघांनाही तेवढीच असते. तेथील १९०८ च्या वृद्ध निवृत्तिवेतन कायद्याने एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी कोणाचेही उत्पन्न दोघांच्या एकूण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी धरू नये असे ठरवले होते, म्हणजे सारे नवऱ्याच्या नावावर दाखवून बायकोला निर्धन ठरवण्याची वाट बंद केली होती. मूळ विधेयकात तर एकट्याला आठवड्याला ५ शिलिंग आणि जोडप्याला साडेसात, असा दीडपटीचा हिशेब सुचवलेला होता. हाच हिशेब शंभर वर्षांनी महाराष्ट्रात दिसला : निराधार योजनेत एका लाभार्थ्यास महिना ६०० रुपये आणि एकाच कुटुंबात एकाहून अधिक लाभार्थी असल्यास सर्वांना मिळून ९००. दोघे एका चुलीवर जेवतात म्हणून खर्च वाचतो, हे त्यामागचे तर्कट. औषधे मात्र दोघांची वेगळीच लागतात.

२०१९ साली प्रधानमंत्री किसान सन्मान निधी आला आणि उताऱ्याचा अर्थच फिरला. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या या योजनेत जमीन नावावर असणे हीच पात्रता ठरली, सुरुवातीची दोन हेक्टरांची मर्यादाही त्याच वर्षी गेली, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अज्ञान मुले अशी व्याख्या असल्याने दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकच राहिला. जो सातबारा एका टेबलावर लपवावासा वाटे तोच दुसऱ्या टेबलावर मिरवावा लागू लागला. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही पाच एकरांची अट आधी घातली गेली आणि काही दिवसांतच मागे घेतली गेली; अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आणि ट्रॅक्टर सोडून अन्य चारचाकी नसण्याची अट मात्र राहिली.

निराधार आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ या जुन्या योजनांची वार्षिक २१,००० रुपयांची सर्वसाधारण कौटुंबिक उत्पन्नमर्यादा मात्र, अनुदान ६०० वरून १,००० आणि २०२३ साली १,५०० रुपये झाले तेव्हाही, जागची हलली नाही. महिन्याला १,७५० रुपयांत दोघांचे घर चालते असे मानणाऱ्या या आकड्यामुळे तहसीलच्या दाखल्यावर उत्पन्न वीस हजारांच्या आसपासच लिहिले जाते, मग ते जोडपे कापड्याचे असो वा तालुक्यातल्याच उमरठचे. आणि पासष्टीपुढचे नवरा-बायको दोघेही श्रावणबाळमध्ये पात्र ठरले, तर त्यांना वर्षाला मिळणारे ३६,००० रुपये, ज्या मर्यादेखाली ते गरीब ठरले तिच्याहून पंधरा हजारांनी जास्त भरतात.