चोरलेलें चित्र आणि त्याचें मोल

चोरी निंद्य खरी. परंतु तिच्या मुळाशीं एक सरळ हिशेब असतो. सोनें चोरणारा तें आटवितो, गुरें चोरणारा तीं दूरच्या बाजारांत नेतो. वस्तु पूर्वी कोणाची होती ही खूण एकदां पुसून टाकली कीं तिची किंमत चोराच्या पदरांत पडते. प्रसिद्ध कलाकृतीच्या बाबतींत मात्र हा हिशेब उलटा होतो. चित्र आटवितां येत नाहीं. आणि तें कोणीं काढलें, कोणाच्या घरून आलें, ही खूण पुसून टाकली तर मागें उरतो तो रंग चढविलेला कापडाचा तुकडा. मग लाखों रुपयांचें चित्र चोरणारा नेमकें काय चोरतो? आणि त्याच चित्रासाठीं लाखों रुपये मोजणारा संग्राहक नेमकें काय विकत घेतो? हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत असें आम्हांस वाटतें, आणि त्यांचें उत्तर सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां चोऱ्यांच्या इतिहासांत अधिक स्पष्ट सांपडतें. म्हणून अशा तीन चोऱ्यांची हकीकत येथें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली हकीकत इंग्लंडांतील आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना ही आपलें रूप, आपला पोषाख आणि राजकारणांतील आपली धिटाई यांमुळें लंडनच्या उच्च समाजांत गाजलेली स्त्री होती. टॉमस गेन्सबरो या थोर चित्रकारानें १७८५ च्या सुमारास तिचें एक पूर्णाकृति चित्र काढलें. पुढें तें घराण्याच्या हातून सुटलें आणि दृष्टीआड झालें. १८४१ सालीं जॉन बेंटली नांवाच्या एका चित्रव्यापाऱ्यास तें एका वृद्ध शिक्षिकेच्या घरीं सांपडलें. बाईंनीं तें भिंतींतील शेगडीच्या वर टांगलें होतें. आणि पूर्णाकृति चित्र त्या जागेंत मावेना म्हणून डचेसचे पाय कापून टाकले होते! बेंटलीनें या उरलेल्या चित्राचे ५६ पौंड दिले. पुढें तें विन एलिस या रेशमाच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या संग्रहांत गेलें. एलिस वारल्यानंतर, १८७६ च्या मे महिन्यांत, लंडनांतील ख्रिस्तीच्या पेढीवर त्याच्या संग्रहाचा लिलांव झाला. लॉर्ड डडली यांच्याशीं चढाओढ करून विल्यम ॲग्न्यू या व्यापाऱ्यानें डचेसचें चित्र १०,१०० गिन्यांना घेतलें. लिलांवांत कोणत्याही चित्राला तोंवर आलेली ही सर्वांत मोठी किंमत समजली गेली, आणि साऱ्या शहरांत तिचाच विषय झाला. ॲग्न्यूच्या बाँड स्ट्रीटवरील दालनांत चित्र पाहण्यासाठीं लोकांची रीघ लागली.

त्याच महिन्याच्या अखेरीस एका रात्रीं ॲडम वर्थ नांवाच्या चोरानें दालनाच्या खिडकीवाटे आंत शिरून तें चित्र चौकटीतून कापून नेलें. हा मनुष्य जन्मानें जर्मन, वाढलेला अमेरिकेंत, आणि लंडनांत संभावित गृहस्थ म्हणून वावरणारा. चित्र विकून पैसे करावे असा त्याचा मूळ बेत नव्हता. त्याचा भाऊ तुरुंगांत होता. ॲग्न्यूवर दडपण आणून त्याला सोडवावें, एवढ्यासाठीं हा उद्योग होता. भाऊ दुसऱ्याच मार्गानें सुटला, आणि वर्थच्या गळ्यांत ही डचेस पडली. जवळजवळ पंचवीस वर्षें तें चित्र त्याच्या ताब्यांत राहिलें. या काळांत त्याला तें कोणास दाखवितां आलें नाहीं, उजळ माथ्यानें विकतां आलें नाहीं, भिंतीवर टांगतां आलें नाहीं. मध्यंतरीं बेल्जममध्यें पकडला जाऊन त्यानें तुरुंगवासही भोगला. अखेर १९०१ सालीं पिंकर्टन या गुप्त पोलिसांच्या मध्यस्थीनें शिकागो येथें चित्र ॲग्न्यूच्या हवालीं झालें, आणि पुढच्याच वर्षीं वर्थ मरण पावला. परत आलेलें चित्र जे. पी. मॉर्गन या अमेरिकन कुबेरानें तत्काळ विकत घेतलें. मॉर्गनच्या वंशजांकडून तें १९९४ मध्यें पुन्हां लिलांवास आलें, तेव्हां डेव्हनशायरच्या ड्यूकनें सुमारें ४ लक्ष ८ हजार डॉलर देऊन तें आपल्या चॅट्सवर्थच्या वाड्यांत नेलें.

या हकीकतींतील आंकडे नीट पाहावे. १८४१ मध्यें ५६ पौंड आणि पसतीस वर्षांनंतर १०,१०० गिन्या! या अवधींत त्या चित्रावर सौंदर्य वाढविणारा एकही कुंचला फिरला नव्हता. उलट तें आधींच आंखूड झालें होतें. मग वाढलें तें काय? एक तर, प्रसिद्ध संग्राहकाच्या घरीं तें राहून आलें होतें. दुसरें, गिरण्या आणि पेढ्या यांच्या जोरावर नव्यानें श्रीमंत झालेल्या लोकांस जुन्या सरदार घराण्यांतील स्त्रीपुरुषांचीं चित्रें आपल्या भिंतींवर हवीशीं वाटूं लागलीं होतीं. स्वतःस कुळी नसली तर निदान चित्राला तरी असावी! आणि तिसरें, लिलांवाच्या खोलींत एकाच वेळीं दोन धनिकांस तेंच एक चित्र हवें होतें. यांपैकीं एकही गोष्ट कॅनव्हासवर रंगविलेली नव्हती. चित्राचें मोल चित्राच्या भोंवतीं होतें. म्हणूनच वर्थनें चौकटींतून कापड कापून नेलें तरी मोल जागच्या जागींच राहिलें.

या मोलांतील सर्वांत मोठा भाग चित्रकाराच्या नांवाचा असतो. याचा पुरावा पाहावयाचा तर हॉलंडांतील हान व्हान मेखेरेन याचें उदाहरण पुरेसें आहे. सतराव्या शतकांतील व्हर्मीर या महान चित्रकाराच्या धर्तीवर त्यानें काढलेलें एक ख्रिस्तचित्र १९३७ सालीं मोठमोठ्या जाणकारांनीं व्हर्मीरची सर्वोत्कृष्ट कृति म्हणून वाखाणलें, आणि रॉटरडॅमच्या वस्तुसंग्रहालयासाठीं तें प्रचंड किंमत देऊन घेतलें गेलें. महायुद्ध संपल्यावर, १९४५ मध्यें, असाच दुसरा एक ‘व्हर्मीर’ जर्मन सेनानी गोअरिंग याच्या हातीं गेल्याच्या प्रकरणीं मेखेरेनला अटक झाली. राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याचा आरोप टाळण्यासाठीं त्यानें कबूल केलें कीं हीं चित्रें व्हर्मीरचीं नव्हेतच, आपलींच आहेत. आणि पहाऱ्यांत बसून तसेंच आणखी एक चित्र काढूनही दाखविलें. ज्या चित्रापुढें रसिक सद्गदित होऊन उभे राहत, त्यांतील रंगाचा एक कणही बदलला नव्हता. पण नांव गेल्याबरोबर त्याचें मोल कोसळलें.

यावरून संग्राहक हा केवळ नांवाला भुलणारा वेडा आहे असें अनुमान कोणी काढील, तर तें उतावीळपणाचें होईल. आजोबांची वही आणि तिची हुबेहूब नक्कल यांत आपणही भेद करतोंच. अमुक मनुष्याचा हात अमुक काळीं या पृष्ठावरून फिरला, ही जाणीव म्हणजे कांहीं पोकळ भ्रम नव्हे. वस्तूचा इतिहास हा त्या वस्तूचा एक खरा अंश आहे, आणि संग्राहक त्याचे पैसे देतो यांत गैर कांहींच नाहीं. मात्र हा इतिहास एका माणसाच्या तिजोरींत मावत नाहीं. तो पुष्कळांच्या आठवणींत, नोंदींत आणि नजरेंत विखुरलेला असतो.

पुष्कळांच्या नजरेचें बळ केवढें असतें, हें दुसऱ्या चोरीवरून दिसेल. लिओनार्दोची ‘मोना लिसा’ पॅरिसच्या लूव्ह्र वस्तुसंग्रहालयांतून १९११ च्या ऑगस्टच्या २१ तारखेस नाहींशी झाली. नेणारा विन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कारागीर पूर्वी तेथेंच चित्रांना कांचा बसविण्याच्या कामावर होता. चित्र जागेवर नाहीं हें लक्षांत यावयास दुसरा दिवस उजाडला! रसिकांत तें चित्र पूर्वीपासून विख्यात होतें; परंतु वर्तमानपत्रांनीं त्याची छबी घरोघर पोंचविली ती या चोरीनंतर. वस्तुसंग्रहालय पुन्हां उघडलें तेव्हां भिंतीवरील मोकळी जागा आणि चार खिळे पाहण्यासाठीं लोकांच्या रांगा लागल्या. चित्र असतांना जे कधीं तेथें फिरकले नव्हते, ते तें नसतांना पाहावयास आले. दोन वर्षेंपर्यंत पेरुजानें तें पॅरिसमधील आपल्या खोलींत लपवून ठेवलें. १९१३ च्या डिसेंबरांत फ्लॉरेन्स येथील एका व्यापाऱ्यापुढें त्यानें तें उघडें केलें, आणि मागील बाजूची लूव्ह्रची खूण पटतांच तो पकडला गेला. नेपोलियननें लुटून नेलेलें चित्र आपण स्वदेशीं परत आणलें असें त्याचें म्हणणें होतें. वास्तविक तें नेपोलियनच्या पुष्कळ आधीं, फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्याकडे आलेलें होतें. १९१४ च्या आरंभीं चित्र पॅरिसला परतलें, तें पूर्वीपेक्षां शतपटीनें प्रसिद्ध होऊन. चोरानें मोल पळविलें नाहीं. नकळत त्यांत भरच घातली.

येथपर्यंतची कथा एखाद्यास गमतीची वाटेल, कारण दोन्ही चित्रें सुखरूप घरीं आलीं आणि चोर हात चोळीत बसले. परंतु ज्या वस्तूंची ख्याति जगभर पसरलेली नाहीं, त्यांचें काय होतें हें पाहिलें म्हणजे या विषयाची दुसरी बाजू दिसूं लागते. आणि ती पाहण्यासाठीं आपल्याच देशांत यावें लागतें. तमिळनाडूंतील अरियलूर जिल्ह्यांत श्रीपुरंथान नांवाचें एक खेडें आहे. तेथील चोलकालीन शिवमंदिरांतील नटराजाची धातुमूर्ति २००६ च्या सुमारास चोरीस गेली. या मूर्तीला गांवाबाहेर कोणी ओळखत नव्हतें. आणि ती ओळख नव्हती म्हणूनच येथें चोरांना तें साधलें, जें वर्थला आणि पेरुजाला साधलें नाहीं. त्यांनीं तिचा खरा इतिहास पुसला आणि न्यूयॉर्कमधील व्यापाऱ्याच्या हातून तिला दुसरा इतिहास चिकटविला गेला. पुराणवस्तूंच्या संरक्षणाचा भारताचा कायदा १९७२ चा. त्याच्या आधींच ही मूर्ति देशाबाहेर गेली होती असें दाखविणारे खोटे कागद तयार झाले. त्या कागदांवर विसंबून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयानें २००८ मध्यें ती सुमारें ५० लक्ष डॉलर देऊन विकत घेतली.

येथें संग्राहकाच्या हौसेचें खरें स्वरूप उघडें पडतें. त्याला नुसती मूर्ति नको होती. मूर्तीबरोबर निष्कलंक वंशावळ हवी होती. बाजारांत ज्या वस्तूला भाव असतो तिची नक्कल करणारेही निघतात. तेव्हां मेखेरेननें जशी चित्रें बनविलीं, तशी येथें वंशावळ बनविली गेली. ती खपली, कारण घेणाराला ती खरी असावी असें मनापासून वाटत होतें, आणि कसून चौकशी करणें त्याला गैरसोयीचें होतें. इकडे ज्या गांवाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनीं त्या मूर्तीपुढें हात जोडले, तें गांव या नव्या वंशावळींत कोठेंच नव्हतें. हें नुकसान डॉलरांत मोजतां येत नाहीं, आणि आमच्या मतें कलाचोरीचें खरें पाप हेंच. धनिकाचा पैसा बुडाला तर तो पुन्हां मिळवितो. परंतु एखाद्या गांवाची स्मृति एकदां पुसली गेली कीं ती परत मिळविण्यास जागा उरत नाहीं.

सुदैवानें या एका बाबतींत ती पुरती पुसली गेली नव्हती. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संशोधन संस्थेनें दक्षिणेंतील देवळांचीं छायाचित्रें अनेक वर्षें जतन करून ठेवलीं होतीं, आणि त्यांत हा नटराज श्रीपुरंथानच्या मंदिरांत उभा असलेला दिसत होता. छायाचित्र १९९४ चें होतें. १९७२ पूर्वीच परदेशीं गेलेली मूर्ति १९९४ मध्यें गांवच्या देवळांत कशी असूं शकेल? एका साध्या छायाचित्रानें खोट्या कागदांचा सारा डोलारा पाडला, आणि २०१४ च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं स्वतः दिल्लीस येऊन मूर्ति भारताच्या स्वाधीन केली.

तात्पर्य, ‘मोना लिसा’ला वाचविलें तें तिच्या कीर्तीनें आणि पाठीमागील खुणेनें, नटराजाला परत आणलें तें एका छायाचित्रानें. कुलपें व पहारेकरी हवेतच, परंतु त्यांच्याहून मोठें रक्षण ‘ही वस्तु आमची, येथली, अशी’ हें सांगणारी नोंद करते. आमच्या महाराष्ट्रांतही गांवोगांवच्या देवळांत, वाड्यांत आणि मठांत जुन्या मूर्ति, चित्रें व पोथ्या आहेत, आणि त्यांची ओळख पुष्कळदां एखाद्या वृद्ध पुजाऱ्याच्या किंवा आजीबाईंच्या तोंडींच काय ती उरली आहे. सुटींत गांवीं जाणाऱ्या सुशिक्षित तरुणांनीं त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, मापें टिपावीं, वडीलधाऱ्यांस विचारून माहिती लिहून ठेवावी आणि तिची एक प्रत जवळच्या ग्रंथालयांत द्यावी. काम लहान आहे, खर्च जवळजवळ नाहीं. पण उद्यां एखादी मूर्ति परमुलखांतील कांचेच्या कपाटांत खोटें नांव धारण करून उभी राहिली, तर तिचें खरें नांव सांगणारा साक्षीदार तोच कागद असेल.