पती परदेशी, सदनिका नाशिकला : करकपातीचा हिशेब

पती दुबईत नोकरीला, पत्नी नाशिकमध्ये शिक्षिका आणि गंगापूर रोडवरील सदनिका दोघांच्या नावे. अशा कुटुंबाचा संसार एक असला, तरी आयकर खात्याच्या लेखी ते दोन स्वतंत्र करदाते असतात. भारतात पती-पत्नीला एकत्रित विवरणपत्र भरता येत नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज नागरी संहितेमुळे वेतनाखेरीज अन्य उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या नागरिकाचा भारतातील मुक्काम आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो त्या वर्षी साधारणतः अनिवासी ठरतो. भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असल्यास नियम कडक होतात. अनिवासी व्यक्तीने परदेशात कमावलेल्या व तेथेच स्वीकारलेल्या वेतनावर येथे कर नाही. मात्र भारतातील घरभाडे, व्याज व भांडवली नफा करपात्र असतो.

पतीने पत्नीला पाठवलेली रक्कम करमुक्त भेट ठरते. परंतु ती पत्नीने मुदत ठेवीत गुंतवल्यास त्यावरील व्याज पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते.

खरी अडचण सदनिका विकताना येते. समजा, ५० लाखांना घेतलेली सदनिका काही वर्षांनी ८० लाखांना विकली आणि दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा आहे. पत्नीच्या ४० लाखांवर खरेदीदाराने १ टक्का, म्हणजे ४० हजार रुपये कापावयाचे. पतीच्या हिश्श्याला हा दर लागू नाही. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावरील दर १२.५ टक्के असून उपकरासह तो १३ टक्के होतो. पतीचा नफा १५ लाख, म्हणजे कर १ लाख ९५ हजार. परंतु नफ्याची अधिकृत निश्चिती झालेली नसल्यास सावध खरेदीदार सहसा पूर्ण ४० लाखांवर ५ लाख २० हजार कापतो. वरचे सव्वातीन लाख विवरणपत्र भरून परतावा मिळेपर्यंत अडकतात.

यावर उपाय म्हणजे व्यवहारापूर्वी आयकर अधिकाऱ्याकडून कमी करकपातीचे प्रमाणपत्र घेणे. खरेदीदारानेही विक्रेत्यांचा निवासी दर्जा लेखी विचारावा. संपूर्ण किमतीवर १ टक्काच कापल्यास उरलेला कर, व्याज व दंड यांची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. सदनिका नाशिकची असली, तरी कपातीचा दर विक्रेता त्या वर्षी कोठे राहिला यावर ठरतो.