एक रुपया चार आणे आणि जहाजावरची कॉफी



१८८८ साली मुंबई बंदरावर एका अठरा वर्षांच्या मुलाला निरोप द्यायला जाण्याचा दंड होता एक रुपया चार आणे. मोढ वाण्यांच्या पंचायतीने तो ठरवला होता. मुलगा विलायतेला बॅरिस्टर व्हायला निघाला होता, त्याचं नाव मोहनदास गांधी. जातीच्या शेठांचा मुख्य आक्षेप शिक्षणाला नव्हताच. तिकडे गेलं की साहेबांच्या पंगतीला बसून खावं-प्यावं लागतं, धर्म राहत नाही, हा आक्षेप होता. म्हणजे भांडण समुद्राचं कमी आणि ताटाचं जास्त.

हे आत्ता आठवण्याचं कारण असं की आमच्या महिला मंडळाचं कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास उठल्यावर, मुंबईहून क्रूझला जायचं घाटतंय. जेवणाची चर्चा दोन बैठका चालली. शेवटी एकीने विचारलं, "ताटाचं जाऊ दे गं, डेकवर बसून निदान कॉफी तरी प्यायची की नाही?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र जुना आहे, आणि त्याला चांगला इतिहास आहे.

आपल्याकडे समुद्र वर्ज्य कधीच नव्हता. समुद्रप्रवासाची बंदी धर्मशास्त्रातल्या कलिवर्ज्यातून आली. श्रावकाच्या बारा व्रतांत जे दिग्व्रत आहे, त्यात कोणत्या दिशेला किती लांब जायचं याची मर्यादा ज्याने त्याने स्वतः घालायची असते. साधू-साध्वींची गोष्ट वेगळी, ते वाहनातच बसत नाहीत. पण आपले व्यापारी जहाजं भरून जात होते. ज्ञाताधर्मकथेत मल्ली अध्ययनात चंपा नगरीचा अर्हन्नक श्रावक आहे. ते लोक जहाजात काय भरत? तांदूळ, पीठ, तेल, तूप, गूळ, पाणी, औषधं. आपण यात्रेला निघताना करतो तीच यादी. भर समुद्रात एक देव पिशाच्चाचं रूप घेऊन येतो आणि म्हणतो, व्रत सोड, नाहीतर जहाज बुडवतो. अर्हन्नक ढळत नाही. शेवटी देवच नमतो आणि त्याला कुंडलांच्या दोन जोड्या देऊन जातो. महासतीजींच्या प्रवचनात आपण ही कथा ऐकतो ती श्रद्धेसाठी. मला त्यातला शिधाही महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाक ज्याच्या हातात, त्याचं व्रत टिकायला सोपं. अर्हन्नकाचं जहाज आणि त्यातला शिधा दोन्ही आपल्याच माणसांचं होतं.

आगबोटी आल्या आणि नेमकं हेच हातातून गेलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, मुंबईहून विलायत जवळ आली. बोटी साहेबांच्या, भटारखाना साहेबांचा. शीतपेट्यांची सोय होण्यापूर्वी, म्हणजे साधारण १८८० च्या दशकापर्यंत, मोठ्या बोटींवर मेंढ्या, कोंबड्या जिवंत ठेवत, दुधासाठी गायही असे. आपल्या माणसाला तिथे घास कसा उतरला असेल, याची कल्पनाच करवत नाही.

४ सप्टेंबर १८८८ ला गांधीजी 'क्लाइड' बोटीने निघाले. निघण्यापूर्वी आईने त्यांना बेचरजी स्वामींसमोर उभं केलं होतं. बेचरजी स्वामी मूळचे मोढ वाणी आणि दीक्षा घेतलेले जैन साधू. मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ त्यांनी दिली, म्हणजे त्या शपथेवर आपलाही थोडा हक्क आहे. बोटीवर काय झालं ते गांधीजींनी आत्मकथेत लपवलेलं नाही. काटे-चमचे कसे धरायचे माहीत नव्हतं. कोणत्या पदार्थात मांस नाही हे वाढप्याला विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर गेलेच नाहीत. खोलीतच बसून, घरून नेलेली मिठाई आणि फळं यांवर मुख्यतः दिवस काढले. एक इंग्रज प्रवासी प्रेमाने समजावत राहिला की थंड मुलखात मांसाशिवाय जगता येत नाही.

मी कॉमर्सवाली, त्यामुळे माझं लक्ष हिशोबाकडे जातं. बोटीच्या तिकिटात जेवण धरलेलं असे. न खाल्लेल्या प्रत्येक जेवणाचे पैसे त्या मुलाने भरले होते आणि मिठाईचे वेगळे. व्रत पाळणाऱ्याला प्रवास दुप्पट भावाने पडत होता. आणि घरून निघणारे ते डबे भरायला किती बायका किती दिवस चुलीपुढे बसत असतील, तो खर्च कुठल्याच वहीत नाही.

पाच वर्षांनी आपल्यातलेच एक निघाले. महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी, जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद सचिव. पालिताण्याचा यात्राकराचा प्रश्न आणि सम्मेदशिखरावरच्या डुकराच्या चरबीच्या कारखान्याचा खटला यांसाठी झटलेले ते हेच. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं बोलावणं खरं तर आत्मारामजी महाराजांना होतं. साधूला बोटीत बसता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठवलं. ११ सप्टेंबर १८९३ ला परिषद सुरू झाली. शिकागोत नाव झालं, घरी मात्र समाजातल्याच काही जणांनी त्यांच्याविरुद्ध ओरड केली. आत्मारामजी महाराज पाठीशी उभे राहिले म्हणून निभावलं. १९०१ मध्ये, चाळिशीही न गाठता, वीरचंदभाई गेले. विवेकानंदांचं नाव पोराटोरांना माहीत असतं, यांचं आपल्याच नातवंडांना सांगावं लागतं. असो.

आता घड्याळाकडे येते, कारण माझ्या मते जैन प्रवाशाची खरी अडचण मांसापेक्षा घड्याळाची होती. मांस बाजूला सारता येतं, वेळ कशी सारणार? बोटीवर पहाटे खोलीत चहा-कॉफी येई, ती नवकारसीच्या आधी. मग न्याहारी, दुपारचं जेवण, आणि दिवसाचं मोठं जेवण संध्याकाळी, घंटा किंवा बिगुल वाजल्यावर. जागा ठरलेली, वेळ ठरलेली. पुढे क्रूझवरही दोन पंगतींची पद्धत बरीच वर्षं चालली. पहिली सहाच्या सुमारास, दुसरी आठनंतर. हिवाळ्यात मुंबईला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहारवालीने जेवायचं कधी? त्यात बोट पश्चिमेला जायला लागली की घड्याळ मागे मागे सरकवायचं. कालची वेळ आज उपयोगी नाही.

ही पंगत मोडली ती आपल्यासाठी नाही, श्रीमंतांच्या हौसेसाठी. १९०५ मध्ये 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर रिट्झच्या नावाचं हॉटेल उघडलं. वाटेल तेव्हा जा, हवं ते मागवा, वेगळे पैसे द्या. आज ज्याला 'कॅज्युअल डायनिंग' म्हणतात त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही, फक्त ही आजी फार नटलेली होती.

कॉफीचं भाग्य नंतर उजळलं. मिलानच्या गाज्जियांचं साय धरणारं एस्प्रेसोचं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलं. १९५३ मध्ये लॉईड ट्रिएस्टिनो कंपनीच्या 'आसिया' आणि 'व्हिक्टोरिया' या नव्या इटालियन बोटी मुंबईमार्गे पूर्वेकडे जाऊ लागल्या. ज्या त्रिएस्त बंदराचं नाव कंपनीला आहे, ते युरोपातलं कॉफीचं मोठं बंदर. शिकायला युरोपात निघालेली कितीतरी भारतीय मुलं त्या काळात बोटीनेच गेली. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं आली आणि बोटीचं काम संपत गेलं. विमान कंपन्यांनी पुढे जैन जेवणाला स्वतंत्र सांकेतिक नावच दिलं, 'व्हीजेएमएल'. तिकीट काढतानाच ते लिहून घेतात, वाढणाऱ्याला विचारायची वेळच येत नाही. १८८८ मधल्या त्या लाजाळू मुलाला हे केवढं सोयीचं झालं असतं!

उरलेल्या बोटी सहलीच्या झाल्या. सहलीला आलेला माणूस घंटेवर जेवत नाही. पोहण्याच्या तलावाशेजारी, चपला घालून, हातात ताट घेऊन जेवायची 'लिडो' पद्धत पसरली. २००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाईनने ठरलेल्या पंगतीच काढून टाकल्या. २०१० मध्ये 'अल्युअर ऑफ द सीज' या जहाजावर स्टारबक्सचं दुकानसुद्धा आलं. मुंबईहून २००५ च्या सुमारास 'सुपरस्टार लिब्रा', २०१६ पासून कोस्टा आणि २०२१ पासून कॉर्डेलिया अशी जहाजं निघू लागली, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक कोण आहे हे ओळखून त्यांनी जैन जेवण ठेवलं. आपल्या आग्रहाने नाही, आपल्या पैशाने हे झालं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, वाण्यांना हे समजायला हवं.

पण बटाट्याशिवायची भाजी हा त्यातला अर्धा भाग. साडेपाचला गेलं तरी कुणी "अजून वेळ आहे" म्हणत नाही, हा दुसरा अर्धा, आणि मला तो मोठा वाटतो. मी एका क्रूझवर संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ताट घेतलं. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब दुपारचा चहा पीत होतं, पलीकडे कुणाची तरी न्याहारी चालली असावी असं ताट होतं. कुणालाच कुणाचं वेगळं वाटत नव्हतं. मुलांच्या लग्नातसुद्धा मला एवढ्या निवांतपणे सूर्यास्ताआधी जेवता आलेलं नाही.

आता कॉफी. बी झाडावरच्या फळाचं, जमिनीखालचं नाही. त्यामुळे कंदमुळाचा प्रश्न कॉफीला नाही, तो चिकोरीला आहे. चिकोरी हे मूळ आहे. भाजून, दळून कॉफीत मिसळतात. नेपोलियनच्या काळात इंग्रजांची नाकेबंदी झाली, फ्रान्समध्ये कॉफी मिळेना, तेव्हापासून ती चाल वाढली आणि इंग्रजांकरवी आपल्याकडे रुजली. आपल्या घरातल्या कितीतरी डब्यांत ती तीस, चाळीस टक्के असते, डब्यावर छापलेलंही असतं. म्हणजे गंमत पाहा, जहाजावरच्या यंत्रातली निव्वळ बियांची एस्प्रेसो आपल्या स्वयंपाकघरातल्या फिल्टर कॉफीपेक्षा नियमाला जास्त धरून असू शकते. मोफतच्या नळाची कॉफी मात्र पावडरची असू शकते, तिथे पाकीट बघायला मागा. चांगल्या कॉफीचे जहाजावर बहुतेक वेगळे पैसे पडतात. जेवण तिकिटात, कॉफी बिलात. बिस्किटात अंडं, केकवरच्या थरथरत्या मुलाम्यात जिलेटिन, एका चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, हे विचारायचंच. न लाजता विचारायचं.

आणि ज्या चौदा नियम धारतात त्यांच्यासाठी एक. बुफेवर शंभर पदार्थ मांडलेले असतात आणि आपण सकाळी दहा द्रव्यं धारलेली असतात. कॉफी धरली तर नऊच उरतात. आमच्यातली एक पहिल्या दिवशी सगळ्या काउंटरवरून रिकामं ताट घेऊन नुसती फिरून येणार आहे, मोजायला.

मंडळाचं ठरलं ते असं: सूर्यास्ताची वेळ रोज जहाजाच्या स्वागतकक्षातून विचारून घ्यायची आणि सगळ्यांना पाठवायची, गावाकडचं पंचांग तिथे चालणार नाही. कॉफी चारला, डेकवर, बिल आपापलं. खाकऱ्याचे डबे तरीही न्यायचे. आमच्या सर्वांत धाकट्या सदस्येने विचारलंय की जून-जुलैत उत्तर नॉर्वेच्या क्रूझवर सूर्य मावळतच नाही, तिथे चौविहार कसा करायचा. ते महासतीजींना विचारायचं आहे, उत्तर मिळालं की लिहीन.